पाय जड का होतात आणि ते हलके कसे ठेवायचे: नीलांच्या दुखण्याविषयी सविस्तर

सकाळी उठल्यावर पाय ठीक असतात. दुपार कलली की भरून यायला लागतात, संध्याकाळी घोट्याशी मोज्याच्या रबराचा वळ उमटतो, आणि रात्री पोटऱ्या ठणकतात, एखादवेळी गोळाही येतो. पाय उशीवर घेऊन आडवं झालं की बरं वाटतं. हे चक्र ओळखीचं वाटत असेल, तर दुखण्याचं मूळ गुडघ्यात किंवा अशक्तपणात शोधण्याआधी पायातल्या नीलांकडे, म्हणजे रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या शिरांकडे बघायला हवं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पाय दुखले की माणूस खुर्ची गाठतो. पण पाय खाली सोडून बसलं तर नीलांना विश्रांती मिळत नाही. त्यांना चालणं मानवतं, नाहीतर पाय छातीच्या वर ठेवून आडवं पडणं. निश्चल उभं राहणं आणि पाय लोंबते ठेवून बसणं या मधल्या दोन अवस्थांतच सगळा त्रास वाढतो. खाली दिलेले बहुतेक उपाय या दोन अवस्थांमधला वेळ कमी करण्यासाठीच आहेत.

रक्त वर चढतं कसं

हृदयातून निघालेलं रक्त पायापर्यंत जोरात पोचतं. परतीच्या वाटेवर त्या जोरातलं फारसं काही उरत नाही, आणि चढण तर मीटरभराहून जास्त. हे काम पोटरी करते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधून जाणाऱ्या खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडले की नीलांमधल्या नाजूक झडपा मिटतात, त्यामुळे वर गेलेलं रक्त परत खाली घसरत नाही.

या झडपांचं काम स्वतःच्या हातावर बघता येतं. विल्यम हार्वीने १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध करताना हीच युक्ती वापरली होती. हात थोडा वेळ खाली सोडा आणि मनगटाकडून कोपराकडे जाणारी एखादी ठसठशीत शीर निवडा. मनगटाच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने शिरेतलं रक्त कोपराच्या दिशेने निपटत न्या. मग हे दुसरं बोट उचला. शीर वरून एका ठिकाणापर्यंत भरते आणि तिथेच थांबते. त्याच्या खालचा भाग रिकामा, सपाट राहतो. ती थांबायची जागा म्हणजे झडप. पहिलं बोट उचललं की खालचा भाग झर्रकन भरतो. पायातली झडप ढिली पडते तेव्हा हे थांबणंच होत नाही, वरचं रक्त सरळ खाली येऊन साचतं.

याचा परिणाम दाबात मोजता येतो. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत साधारण ८० ते ९० मिमी पारा (रक्तदाब मोजतात तेच एकक) इतका दाब असतो. झडपा धड असतील तर माणूस चालायला लागल्यावर काही पावलांतच तो ३० च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. झडपा निकामी असतील तर चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. दिवसभर चढलेला हा दाब बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर पाझरवतो आणि सूज येते. लाल पेशीही झिरपतात, त्यांच्यातल्या लोहामुळे घोट्याच्या वर आतल्या बाजूला त्वचा तपकिरी होते. पुढे तीच त्वचा कडक होते, खाजते, आणि लहानशा ओरखड्याची न भरणारी जखम होऊन बसते.

झडपा बिघडायला घराण्याचा वारसा बराच कारणीभूत असतो. वय, गरोदरपण, जास्त वजन, तासन्‌तास उभं राहण्याचं काम, पूर्वी पायात झालेली रक्ताची गुठळी ही बाकीची कारणं. एक कारण सहसा कुणी विचारात घेत नाही: जखडलेला घोटा. घोटा नीट वरखाली होत नसेल तर पोटरी आवळणार कशी? जुन्या फ्रॅक्चरनंतर किंवा वर्षानुवर्षं उंच टाचा घातल्यावर झडपा शाबूत असूनही पाय जड राहू शकतात.

दुखणं नीलांचंच कशावरून

नीलांचं दुखणं दिवसासोबत वाढतं, उष्म्यात वाढतं, उभं राहून वाढतं; चालल्यावर आणि पाय वर घेतल्यावर कमी होतं. रोहिण्यांचं, म्हणजे पायाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्यांचं दुखणं नेमकं उलटं वागतं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखून थांबावं लागतं, थांबलं की दोन-चार मिनिटांत बरं वाटतं; पाय वर घेतला तर दुखणं वाढतं आणि खाली लोंबवला तर कमी होतं; पाऊल गार आणि फिकट असतं. हा फरक ओळखणं फार गरजेचं आहे, कारण नीलांना उपयोगी पडणारे घट्ट मोजे रोहिण्या अरुंद असलेल्या पायाला इजा करू शकतात.

दुखणं कमरेतून निघून नितंब आणि मांडीमार्गे खाली उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर संशय मणक्यातल्या नसेवर, म्हणजे मज्जातंतूवर घ्या. सूज पावलाच्या पाठीवर आणि बोटांवरही असेल, आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचा चिमटीत पकडता येत नसेल, तर लसिकावाहिन्यांचा, म्हणजे शरीरात झिरपलेलं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्यांचा दोष असू शकतो. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड तपासून घ्यायला हवेत. आणि रोजच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना आवर्जून दाखवा: रक्तदाबावरची अॅम्लोडिपिन ही अगदी सर्रास दिली जाणारी गोळी घोटे सुजवते. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

काही लक्षणांत वाट बघायची नसते. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, पोटरी दाबली की दुखते, रंग बदललाय, असं असेल तर खोल नीलेत गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तोवर पाय चोळू नका. सोबत दम लागणं, छातीत दुखणं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर थेट आपत्कालीन विभागात जा, कारण गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी एक नोंद करून ठेवली तर तपासणी नेमकी होते. शिंप्याची टेप घ्या. सकाळी अंथरुणातून उठल्याउठल्या आणि रात्री झोपण्याआधी, दोन्ही पायांचा घेर दोन ठिकाणी मोजा: घोट्याच्या वर जिथे पाय सर्वांत बारीक असतो तिथे, आणि पोटरीच्या सर्वांत रुंद जागी. पेनाने बारीक खूण करून ठेवा म्हणजे रोज जागा तीच राहील. रात्री नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडं वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडतो का आणि किती वेळ टिकतो ते लिहा. आठवडाभराची नोंद पुरे.

शिवाय चांगल्या उजेडात दोन मिनिटं उभं राहून पाय नीट बघा, मागची बाजू बघायला कुणाची तरी मदत घ्या. आतल्या घोट्याखाली पंख्यासारखं पसरलेलं निळं बारीक जाळं, घोट्याच्या वरचा तपकिरी पट्टा, पोटरीवर दोरीसारखी वळणं घेत गेलेली शीर: यातलं काही दिसतंय का? डॉक्टर या अवस्थांना सी-० ते सी-६ अशा पायऱ्या देतात. सी-० मध्ये बाहेरून काहीच दिसत नाही, सी-२ मध्ये ३ मिलीमीटर किंवा त्याहून रुंद फुगीर शिरा, सी-३ मध्ये सूज, सी-४ मध्ये त्वचेतले बदल, सी-५ मध्ये भरून आलेली जखम आणि सी-६ मध्ये उघडी जखम. शिरा ठळक दिसणं आणि पाय दुखणं यांचं प्रमाण मात्र जुळेलच असं नाही. काहींच्या पायावर शिरांचं जंजाळ असतं आणि तक्रार शून्य. काहींचा पाय स्वच्छ दिसतो आणि संध्याकाळी उचलवत नाही.

दिवसभरात काय करायचं

अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधी वीस-पंचवीस वेळा पावलं स्वतःकडे ओढा आणि पुढे ताणा. घोटा पूर्ण फिरला पाहिजे, नुसती बोटं हलवून पोटरीला काही होत नाही.

चालणं रोज हवं, अर्धा तास तरी. एकदम झेपत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. टाच आधी टेकवा आणि शेवटी चवड्याने जमीन मागे ढकला. पाय घासत चालणाऱ्याची पोटरी अर्धवटच आवळली जाते. चालण्याखेरीज एकच व्यायाम करायचा असेल तर टाचा उचलण्याचा करा. खुर्चीच्या पाठीला किंवा ओट्याला धरून उभे राहा, दोन मोजत टाचा पूर्ण वर घ्या, क्षणभर थांबा, तीन मोजत खाली या. दहापासून सुरुवात करा आणि हळूहळू दिवसातून तीन वेळा वीस-वीसवर न्या. पोटरीत ओढ जाणवली पाहिजे, गुडघ्यात नाही.

बैठं काम असेल तर दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं फिरा. उठता येत नसेल तर बसल्याजागी टाचा आणि चवडे आलटूनपालटून उचला. खुर्चीची कड मांडीत रुतत असेल तर पायाखाली काहीतरी ठेवा. उभ्याचं काम असेल तर वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेत राहा आणि अधूनमधून टाचा उचला. लांबच्या प्रवासालाही, चार तासांच्या पुढे, हेच नियम लागू.

पाय वर घेण्याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. समोरच्या स्टुलावर पाय ठेवून बसलं तर लोंबते ठेवण्यापेक्षा बरं, पण तेवढ्याने भागत नाही. पावलं हृदयाच्या पातळीच्या वर जायला हवीत, म्हणजे पाठीवर आडवं पडून पोटरीखाली दोन-तीन उशा. उशा टाचेखाली न ठेवता पोटरीच्या पूर्ण लांबीला आधार द्या आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवा. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन वेळा. यातली एक वेळ कामावरून आल्याआल्या घेतलीत तर रात्रीचं ठणकणं बरंच कमी होतं. झोपेत उशा सरकतात, त्यापेक्षा पलंगाच्या पायथ्याखाली १० ते १५ सेंटीमीटर उंचीचे ठोकळे ठेवा. हृदय कमकुवत असलेल्यांनी किंवा आडवं झाल्यावर धाप लागणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

कढत पाण्यात पाय बुडवून बसायची अनेकांना सवय असते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण उष्णतेने नीला आणखी रुंदावतात. गार पाणी घोट्याकडून गुडघ्याकडे दोन-तीन मिनिटं सोडलं तर जडपणा चटकन उतरतो. हलक्या हाताने खालून वर चोळायला हरकत नाही, जोरात रगडणं मात्र टाळा. वजन कमी करण्याचा फायदा उघड आहे. बद्धकोष्ठतेकडेही लक्ष द्या, कारण रोजच्या कुंथण्याने पोटातला दाब वाढतो आणि तो खालच्या नीलांवर येतो.

दाबाचे मोजे

औषध म्हणून दिलेल्या या मोज्यांची जागा बऱ्याच घरांत कपाटाच्या तळाशी असते. कारण बहुधा दोनच: माप चुकलेलं असतं किंवा चढवायची पद्धत माहीत नसते. मोजा बरोबर असेल तर पहिल्या चार दिवसांतच संध्याकाळचा पाय वेगळा वाटतो.

हे मोजे घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल होत जातात. खरेदी करताना वर्गाचा आकडा न बघता मिमी पाऱ्यातला दाब बघा, कारण मानकं वेगवेगळी आहेत. जर्मन मानकात दुसरा वर्ग म्हणजे २३ ते ३२, ब्रिटिश मानकात तोच दुसरा वर्ग १८ ते २४. नुसत्या जडपणाला आणि हलक्या सुजेला २० च्या आसपासचा दाब बहुधा पुरतो. त्वचा बदललेली असेल किंवा जखम होऊन गेली असेल तर जास्त दाब लागतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. गुडघ्यापर्यंतचा मोजा बहुतेकांना पुरेसा असतो. मांडीपर्यंतचा घसरतो, गुंडाळला जातो, आणि शेवटी घातलाच जात नाही.

मधुमेह, धूम्रपान, हृदयविकार किंवा पावलात बधिरपणा असेल तर मोजे घेण्याआधी घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढून घ्या. सोपी, न दुखणारी चाचणी आहे. गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर रोहिण्यांचा आजार असण्याची शक्यता असते आणि मोज्याचा निर्णय तज्ज्ञावर सोडावा लागतो. जुन्या मधुमेहात रोहिण्यांच्या भिंती कडक झाल्यामुळे आकडा खोटा चांगला येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना मधुमेहाची कल्पना द्या.

माप सकाळीच द्या, सूज चढण्याआधी. घोट्याचा बारीक घेर, पोटरीचा रुंद घेर आणि जमिनीपासून गुडघ्याच्या खाचेपर्यंतची उंची, तिन्ही मापं लागतात. चपलेच्या नंबरावरून घेतलेला मोजा बहुतेकदा फसतो.

चढवायची पद्धत अशी:

१. अंथरुणातून उठल्यावर लगेच घाला. उठून तासभर झाला असेल तर आधी दहा मिनिटं पाय वर करून पडा.
२. पाय कोरडा हवा. क्रीम किंवा तेल रात्री लावा, सकाळी लावलं तर मोजा सरकत नाही.
३. अंगठ्या काढा आणि खरखरीत रबरी हातमोजे घाला. पकड येते आणि नख लागून मोजा फाटत नाही.
४. हात मोज्यात घालून टाचेचा खिसा आतून पकडा आणि तिथपर्यंतचा भाग उलटा करा. मोजा गोळा करून वर ओढायच्या भानगडीत पडू नका.
५. पाऊल घाला आणि टाच खिशात नेमकी बसली का ते बघा. इथे चुकलं तर वरचं सगळं वाकडं बसतं.
६. उरलेला भाग थोडाथोडा वर सोडत न्या, मग तळव्यांनी खालून वर सारखा करा.
७. वरची कड गुडघ्याच्या खाचेखाली दोन बोटं थांबली पाहिजे. लांब वाटला तर दुमडू नका, दुमडलेल्या कडेचा दुप्पट दाब पडतो आणि पायाला फास बसतो.

वाकता येत नसेल किंवा हातात संधिवात असेल तर मोजा चढवायची धातूची चौकट मिळते, तिने काम बरंच सोपं होतं. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखायला लागली तर मोजा लगेच काढा. रात्री झोपताना काढायचाच. सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. दोन जोड आलटूनपालटून वापरले तरी साधारण सहा महिन्यांत ताण उतरतो. मोजा सहज चढायला लागला की समजा, बदलायची वेळ आली.

त्वचा आणि रक्तस्राव

घोट्याभोवतीची त्वचा कोरडी पडू देऊ नका. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर रोज रात्री लावा. खाज हे त्वचेत बिघाड सुरू झाल्याचं लक्षण असतं, तिकडे कानाडोळा करू नका. जखम दोन आठवड्यांत भरत नसेल तर घरगुती मलमं बदलत बसण्यात अर्थ नाही, तज्ज्ञाला दाखवा.

फुगलेली शीर कधीकधी खरचटून फुटते आणि रक्ताची चिळकांडी उडते. दृश्य घाबरवणारं असतं, पण नीलेतला दाब पाय वर केला की उतरतो. ताबडतोब आडवं व्हा, पाय उंच करा आणि स्वच्छ कापडाने नेमक्या त्या जागी दहा मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका. मांडीला दोरी आवळू नका. थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलवा, आणि थांबलं तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण तीच शीर पुन्हा फुटू शकते.

गोळ्या, सोनोग्राफी आणि उपचार

नीलांसाठी दिल्या जाणाऱ्या डायोस्मिनसारख्या गोळ्यांनी काहींना जडपणा आणि सूज थोडी कमी वाटते. झडप त्यांनी दुरुस्त होत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर या सुजेवर मुळीच उपाय नाहीत, कारण इथे शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी साचलेलं असतं. जाहिरातीतल्या मलमांबद्दल एवढंच, की बरं वाटतं ते बरंचसं चोळण्यामुळे.

तीन-चार महिने नेटाने करूनही त्रास तसाच असेल, किंवा त्वचेत बदल दिसले असतील, तर डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करून घ्या. ती शक्यतो उभं राहून व्हायला हवी. फक्त झोपवून केलेल्या तपासणीत उलटा प्रवाह निसटू शकतो. त्वचेखालच्या नीलेत रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप बिघडली असं धरतात.

बिघडलेली मुख्य नीला बंद करतात, हे ऐकून लोक धास्तावतात: मग रक्त जाणार कुठून? पायातलं साधारण ९० टक्के रक्त खोल नीलांतूनच परत जातं. त्वचेखालची नीला उलटी वाहत असेल तर ती मदत करत नसते, ओझंच वाढवत असते. बंद करायच्या पद्धती बऱ्याच आहेत: आतून लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने उष्णता देणं, फेसाळ औषधाचं इंजेक्शन, वैद्यकीय गोंद, आणि जुनी, शीर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात क्रम आधी उष्णता, ती शक्य नसेल तर फेस आणि सर्वांत शेवटी शस्त्रक्रिया असा आहे. उघडी जखम असेल तर उशीर करण्यात तोटा आहे. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एव्हरा चाचणीत, नीला लवकर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, आणि आधी मोजे-पट्ट्या व नंतर उपचार अशा गटात निम्म्यांची भरायला ८२ दिवस लागले.

गरोदर असाल तर घाई नको. संप्रेरकांमुळे आणि गर्भाशयाच्या दाबामुळे फुगलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच ओसरतात; तोवर मोजे, चालणं आणि डाव्या कुशीवर झोपणं.

उपचार ठरवण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. खोल नीला मोकळ्या आहेत का? उलटा प्रवाह नेमका कोणत्या नीलेत आहे? माझं दुखणं त्यानेच होतंय असं तुम्हाला कशावरून वाटतं? आणि नंतर मोजे किती दिवस? उष्णतेच्या उपचारानंतर बहुतेकांना त्याच दिवशी चालवतात. मांडीच्या आतल्या बाजूला आठवडा-दोन आठवडे दोरी ताणल्यासारखं वाटू शकतं, ते अपेक्षितच आहे. पोटरी सुजून दुखायला लागली तर मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. काही वर्षांनी नव्या शिरा फुगू शकतात, कारण प्रवृत्ती तीच राहते, म्हणून टाचा उचलण्याचा व्यायाम उपचारानंतरही चालू ठेवायचा.